चार भिंगऱ्यांचं विमान

कॅप्टन आयुष्यात कधी विमानचालकाच्या खुर्चीत बसले नव्हते. प्रवासी म्हणून दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून उतरल्यावर तक्रार लिहून आले होते. तरी सगळी वसाहत त्यांना कॅप्टन म्हणायची, कारण ते लाकडाची छोटी विमानं तयार करत आणि दर रविवारी गावाबाहेरच्या माळावर रिमोटने उडवत. बाकीचे दिवस ते बांधकाम परवानगीच्या कचेरीत विभागप्रमुख होते, आणि तिथे मात्र काहीच उडू देत नसत. जिन्याची रुंदी बोटभर कमी भरली की फाइल परत. सही चौकटीबाहेर गेली की फाइल परत. त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुटलेली फाइल कोणी पाहिली नव्हती. लोक मनात शिव्या देत आणि तोंडावर 'साहेब' म्हणत. कॅप्टनना फक्त 'साहेब' ऐकू यायचं.

या माणसाला जगात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा होता, आणि ती म्हणजे ड्रोन.

"उडता मिक्सर!" ते म्हणत. "दुकानातून आणायचा, खोकं फोडायचं, बटण दाबायचं, की निघाला घोंगावत. याला काय अक्कल लागते? रिमोट खाली ठेवून शिंकून घेतलं तरी हा आपला हवेत लटकलेलाच. अहो, जे पडू शकत नाही, ते उडतं असं म्हणायचंच कशाला?"

पण म्हणतात ना, ज्याचा कंटाळा त्याचा वानोळा. कॅप्टनांच्या एकुलत्या एका लेकीने नवरा निवडला तो ड्रोनवाला. जावईबापू शाळेत भूगोल शिकवायचे. स्वभावाने गरीब, सासऱ्यांना 'बाबा' म्हणणारे, जेवताना दुसऱ्यांदा वाढलं तर नको न म्हणणारे. पण सुट्टीच्या दिवशी ते आपल्यासारख्याच चारपाच जणांना घेऊन त्याच माळावर यायचे आणि नद्यानाल्यांचे फोटो वरून काढायचे. "नदी वरून कशाला बघायची?" कॅप्टन बायकोला विचारत. "तिच्या डोक्यात उवा आहेत का?"

माळावर कॅप्टनांचं विमान मंडळ होतं. सात-आठ ज्येष्ठ मंडळी, अध्यक्ष अर्थातच कॅप्टन. मंडळाची घटना त्यांनीच लिहिली होती. एवढ्याशा मंडळाला एवढी मोठी घटना म्हणजे बोटभर पोराला हातभर टोपी, पण कॅप्टनांपुढे बोलणार कोण? ड्रोनवाले माळावर यायला लागले तेव्हा कॅप्टननी स्वतः खुंट्या ठोकून मधोमध दोरी बांधली आणि घटनेत दोन कलमं वाढवली. ज्याच्या नावावर ड्रोन असेल, तो मंडळाचा सभासद राहणार नाही, हे पहिलं. आणि दुसरं असं की दोरीपलीकडे ड्रोन हवेत असेपर्यंत सर्व सभासद त्याच्याकडे पाठ करून उभे राहतील.

"पाठ म्हणजे नेमकी किती?" मंडळातले दातांचे डॉक्टर म्हणाले. ते कॅप्टनांचे सर्वांत जुने मित्र. दिवसभर लोकांच्या तोंडात बोलत असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसायची. "आणि तो ड्रोन फिरत आपल्या पुढ्यात आला तर?"

डॉक्टर थट्टा करत होते. कॅप्टननी मात्र लगेच कलमात सुधारणा केली: ड्रोन ज्या दिशेला जाईल, त्याप्रमाणे सभासदही फिरत राहतील. तेव्हापासून दर रविवारी माळावर ड्रोन गोल फिरला की ही सगळी पिकल्या केसांची माणसं आपल्याच जागी घाण्याच्या बैलासारखी हळूहळू फिरताना दिसायची. पलीकडचे ड्रोनवाले मुद्दाम गोल फिरवायचे, असा मंडळाच्या चिटणिसांना संशय होता आणि तो खरा होता.

एवढ्यावर कॅप्टन थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सरकारने एक दिवस पेपरात कोपऱ्यात छापलं की उडत्या यंत्रांसाठी नियम करायचे आहेत, नागरिकांनी सूचना पाठवाव्यात. अशा कोपऱ्यांकडे कोण बघतं? कॅप्टननी कात्री आणली. आठवडाभर त्यांनी कचेरीतल्या सगळ्या फाइली बाजूला सारल्या, म्हणजे रोजच्यासारख्याच, आणि एक व्याख्या लिहिली. 'ज्यात अथवा ज्यावर मनुष्य बसलेला नाही, अशी जमिनीवरून नियंत्रित होणारी व हवेत राहणारी कोणतीही वस्तू, मग ती कशाचीही असो, ड्रोन समजली जाईल.' या वाक्यातून माशीसुद्धा निसटली नसती. आपल्या मित्रांची छोटी विमानं सापडू नयेत म्हणून त्यांनी वजनाची एक मर्यादाही सुचवली. त्यासाठी मंडळातलं प्रत्येक विमान किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. जावईबापूंचा ड्रोन त्याहून जड आहे, याचीही त्यांनी लेकीशी गोड बोलून खात्री करून घेतली.

सूचना पाठवणारे सबंध देशात कॅप्टन एकटेच निघाले असावेत. नियम आले ते त्यांचं वाक्य जसंच्या तसं घेऊन. कॅप्टननी तो छापील कागद बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावला आणि जावईबापूंना मुद्दाम त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसवून चहा दिला. "करा आता नोंदणी, द्या परीक्षा," ते म्हणाले. "कळेल आकाश म्हणजे काय ते."

"केली बाबा," जावईबापू बिस्किट बुडवत म्हणाले. "काल दुपारीच झाली. परीक्षाही लगेच घेतली त्यांनी. सोपं होतं."

कॅप्टनांचा चहा कडू झाला, पण खरी मेख पुढेच होती. आतल्या खोलीत एक मोठं ग्लायडर तयार होत होतं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. ना पंखा, ना मोटर. नुसतं वाऱ्यावर तरंगायचं. आतल्या छोट्या बॅटरीवर शेपटीची पट्टी हलायची, तेवढंच. कॅप्टन कित्येक वर्षं ते घडवत होते. त्याचा एक पंख खिडकीपाशी सुरू व्हायचा आणि दुसरा कपाटापाशी संपायचा. त्यामुळे कपाटाचं एकच दार उघडायचं आणि कॅप्टनांच्या पत्नी गेली दोन वर्षं त्याच दारामागच्या साड्या नेसत होत्या. "माझ्या सवतीला म्हणावं, जरा सरक," असं त्या रात्री दिवा मालवताना म्हणायच्या.

मंडळाचा वार्षिक दिवस जवळ आला होता. त्या दिवशी ग्लायडर उडवायचं आणि अध्यक्षपद सोडायचं, असं कॅप्टननी ठरवलं होतं. त्यांना ना हार हवा होता ना भाषण. कचेरीत त्यांच्या कामाकडे कुणी कधी कौतुकाने पाहिलं नव्हतं, आणि तसं पाहण्यासारखं त्यात काही नव्हतंही. आपल्या हातचं एक तरी काम मित्रांनी मान वर करून डोळे भरून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पण बायकोला ती माहीत होती. नाहीतर तिने दुसऱ्या दाराच्या साड्यांसाठी केव्हाच करवत आणली असती.

ग्लायडर पुरं झालं आणि कॅप्टन ते कौतुकाने किराणा दुकानातल्या काट्यावर घेऊन गेले. काटा मर्यादेच्या पुढे गेला. दुकानदाराने काटा झटकून पुन्हा लावला, तो पुन्हा पुढे गेला. मर्यादा ठरवताना कॅप्टननी मंडळातलं प्रत्येक विमान मोजलं होतं, फक्त हे सोडून. तेव्हा ते अपुरं होतं, आणि अपुऱ्या कामाची दखल घ्यायची नाही, हा त्यांचा कचेरीतला बाणा होता. त्यात मनुष्य बसलेला नव्हता, ते जमिनीवरून नियंत्रित होत होतं, हवेत राहणार होतं, मग ते कशाचंही असो. त्यांनी दुकानातच उभं राहून आपलं वाक्य मनातल्या मनात तीन वेळा तपासलं. कुठेही पळवाट नव्हती. वाईट वाटत असतानाही त्यांना त्या वाक्याचा थोडा अभिमान वाटलाच.

बातमी जिन्यातून वर पोचायला वेळ लागला नाही आणि उंटावरचे शहाणे एकेक करून खाली उतरले.

"आत एक बाहुली बसवा," वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले. "बाहुली मनुष्य नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची. दहा वर्षं खटला चालेल."

"मला या रविवारी उडवायचंय."

"मग बाहुली नको," वकील म्हणाले आणि सल्ला फुकट गेल्यासारखं तोंड करून बसले.

"दोरा बांधा आणि पतंग म्हणा," औषधाच्या दुकानदारांनी सुचवलं. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी तर वजन कमी करायला मधाचं पाणी सांगितलं. विमानाला की कॅप्टनना, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"रात्री उडवा ना, कोण बघतंय?" पत्नी म्हणाल्या.

"बघण्यासाठीच तर उडवायचंय!" कॅप्टन ओरडले, आणि मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन ग्लायडरवरची नसलेली धूळ पुसू लागले.

शेवटी नाक मुठीत धरून ते नोंदणी कचेरीत गेले. कचेऱ्या कशा चालतात हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं. टेबलाच्या या बाजूने त्या कशा दिसतात, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज हातात घेतला, मान न उचलता वाचला आणि कॅप्टन रोज ज्या सुरात म्हणत त्याच सुरात म्हणाल्या, "त्रुटी आहे."

"कुठे?" कॅप्टननी विचारलं. आपल्याला हा प्रश्न विचारणारे लोक इतके चिडलेले का असायचे, ते त्यांना तेव्हा कळलं.

"पंख्यांची संख्या लिहिली नाही."

"याला पंखा नाही. शून्य लिहा."

"मशीन शून्य घेत नाही. चार, सहा किंवा आठ. यातलं बोला."

"अहो बाई, ड्रोनला पंखे असतात. हे ग्लायडर आहे. पंख्याशिवाय उडतं."

"मग ड्रोन नाहीये ना? कशाला नोंदणी करताय?"

"नियमाप्रमाणे ड्रोनच आहे!"

"मग पंखे किती?"

कॅप्टननी साहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब जेवायला गेले होते. साहेब आले, पण पेन शोधत होते. पेन सापडलं तेव्हा त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं आणि व्याख्या मोठ्याने वाचली. "ज्यात मनुष्य बसलेला नाही, अशी जमिनीवरून..."

"'ज्यात अथवा ज्यावर'," कॅप्टननी दुरुस्ती केली. त्यांना राहवलंच नाही.

साहेबांनी चमकून पाहिलं. "तुम्हाला पाठ आहे? काय वाक्य आहे हो! आमच्या इथे रोज लोक डोकं आपटतात त्यावर. कुणीतरी बिनकामाचा माणूस बसला असणार लिहायला." कॅप्टननी मान खाली घातली. "तर चार पंखे बसवा आणि परवा या. त्रुटी दूर झाली की क्रमांक मिळेल."

घरी येऊन कॅप्टन ग्लायडरशेजारी जमिनीवर बसून राहिले. पत्नीने निरोप धाडला होता की काय कोण जाणे, पण संध्याकाळी जावईबापू आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "बाबा, पंखे पाहिजेत असं म्हणतात. पंख्यांनी काही काम केलं पाहिजे, असं कुठे म्हणतात?"

"म्हणजे?"

"कागदाच्या भिंगऱ्या लावू. चार."

"ही पळवाट आहे!" कॅप्टन म्हणाले. कोणी शिवी द्यावी तसा तो शब्द त्यांनी उच्चारला.

"हो," जावईबापू शांतपणे म्हणाले. "कात्री कुठंय?"

भिंगऱ्या कॅप्टनांच्या पत्नीने जुन्या कॅलेंडरच्या केल्या. इतक्या वर्षांत त्यांचा विमानबांधणीत हा पहिलाच हातभार. कॅप्टननी जिवापाड घासून गुळगुळीत केलेल्या त्या पंखांवर जावईबापूंनी दोन इकडे, दोन तिकडे टाचण्या टोचल्या, तेव्हा कॅप्टननी डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी कचेरीत खिडकीतल्या बाईंनी मात्र एका भिंगरीवर फुंकर मारली, ती फिरली, आणि त्यांनी चार लिहिलं. विमानाच्या शेपटीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटली. परीक्षा घ्यायला परीक्षक येणार होते ते नेमके रविवारी, माळावरच.

वार्षिक दिवशी झाडून सगळं मंडळ हजर होतं. कॅप्टन ग्लायडर घेऊन आले, मागोमाग त्यांच्या पत्नी. त्या जन्मात माळावर आल्या नव्हत्या, पण ही वस्तू घरात परत येत नाही ना, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. मित्र कौतुकाने पुढे झाले, आणि तेवढ्यात चिटणिसांना शेपटीवरची चिठ्ठी दिसली. चिटणीस वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झाले होते. नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं, आणि ही विद्या त्यांनी कॅप्टनांकडूनच उचलली होती.

"अध्यक्ष," ते खाकरत म्हणाले, "हा ड्रोनचा क्रमांक आहे. तुमच्या नावावर?"

"हो, पण ते..."

"मग कलमाप्रमाणे तुम्ही सभासद राहत नाही." चिटणिसांचा आवाज जड झाला होता, पण त्यांनी हात दोरीकडे केलाच. "कृपा करून पलीकडे."

"अहो, काय लहान मुलांसारखं!" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"चिटणीस बरोबर बोलतात," कॅप्टन म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? त्यांनी दोरी वर उचलली आणि वाकून पलीकडे गेले. आपण दोरी जरा खालीच बांधली होती, हे त्यांना कमरेत उसण भरली तेव्हा कळलं. पलीकडच्या ड्रोनवाल्यांनी आपली यंत्रं खाली उतरवून माळ मोकळा करून दिला. कोणी हसलं नाही, आणि तेच कॅप्टनना जास्त लागलं.

परीक्षक टोपी घातलेले, घाईत असलेले गृहस्थ होते. "उडवा," ते म्हणाले.

माळाच्या टोकाला उतार होता आणि खालून वारा चढत होता. जावईबापूंनी ग्लायडर दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, चार पावलं धावले आणि सोडलं. ते एकदा खाली झुकलं. मग वाऱ्याने त्याला अलगद पोटाखालून उचललं आणि ते वर, वर चढत गेलं. आवाज नाही, घोंगावणं नाही. फक्त कॅलेंडरच्या चार भिंगऱ्या भिरभिरत होत्या.

"आता हवेत एका जागी थांबवा," परीक्षक कागदाकडे बघत म्हणाले.

"अहो, विमान थांबलं तर पडतं!"

"एका जागी स्थिर राहिलं पाहिजे, असं लिहिलंय. नाहीतर नापास. तुमच्याच भल्यासाठी नियम आहेत."

कॅप्टनांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांनी तोंडावर वारा घेतला, डोळे बारीक केले आणि ग्लायडरचं नाक हळूच वाऱ्यात वळवलं. वारा जेवढा मागे रेटत होता, तेवढंच ते पुढे सरकत होतं. अंगठा केसभर इकडे, केसभर तिकडे. ते एवढं मोठं विमान माळाच्या माथ्यावर, आभाळात खिळा ठोकून टांगल्यासारखं उभं राहिलं. त्यांनी आयुष्यात कधी इतकं चांगलं विमान उडवलं नव्हतं. पलीकडचे ड्रोनवाले आ वासून बघत होते. जावईबापू हळूच म्हणाले, "बाबा, आमचा ड्रोन हे स्वतः करतो. तुम्ही हातानं करताय."

कॅप्टननी न राहवून एक नजर दोरीपलीकडे टाकली. तिथे रांगेत सात पाठी होत्या. कलमाप्रमाणे, ताठ, चिटणिसांची सर्वांत ताठ. ज्यांच्यासाठी हे सगळं घडवलं, त्यातला एकही वर बघत नव्हता, आणि त्यांना हे शिकवणारा दुसरा कुणी नव्हता. कॅप्टनांचा अंगठा केसभर जास्त सरकला. विमान हातभर डगमगलं.

तेवढ्यात त्या पाठींच्या रांगेत काहीतरी लखलखलं. दातांच्या डॉक्टरांनी खिशातून दाढा बघायचा आपला चिमुकला आरसा काढला होता. तो खांद्यावर धरून, मान जराही न वळवता, ते मागचं आभाळ बघत होते. मग त्यांनी आरसा शेजाऱ्याला दिला. त्याने पाहिलं, "अबब!" म्हणाला आणि पुढे दिला. आरसा असा हातोहात सरकत गेला आणि शेवटी चिटणिसांच्या हातात आला. चिटणिसांनी बराच वेळ तो नुसताच धरला, मग तोही खांद्यावर गेला.

"पास," परीक्षक म्हणाले आणि सही करू लागले.

"माजी अध्यक्ष!" पाठ तशीच ठेवून चिटणीस ओरडले. "घटनेत आरशाबद्दल काही कलम आहे का?"

सगळा जन्म कॅप्टननी अशा फटी शोधून बुजवल्या होत्या. कुणी विचारायच्या आत त्यांच्या जिभेवर सुधारणा तयार असायची, आणि आताही 'आरसा अथवा तत्सम चकचकीत वस्तू' इथपर्यंत ती आपोआप आलीच. त्यांनी विमानावरची नजर काढली नाही.

"नाही," ते म्हणाले. "आणि घालायचंही नाही."

"तुम्ही आता सभासद नाही, तुम्ही कसं ठरवणार?"

"मग तुम्ही घालू नका," कॅप्टन म्हणाले. "आणि तो आरसा एकट्याकडेच ठेवू नका. डॉक्टरांचं अजून पोटभर बघून झालं नसेल."

चिटणिसांनी आरसा परत दिला आणि तो पुन्हा पहिल्यापासून फिरू लागला.